आकाश कुठल्या गावचे? : हौशी छायाचित्रणातील ऋतूंचा विचार

अंथुर्ण्याजवळ नीरा डाव्या कालव्याच्या भरावावर उभे राहून काढलेले एक छायाचित्र माझ्या घरच्या भिंतीवर आहे. खाली एक-चतुर्थांश जमीन, वर तीन-चतुर्थांश आकाश. पश्चिमेकडून एक ढग चढलेला आहे. बुडाशी काळानिळा, माथ्यावर पांढरा, कापूस पिंजल्यासारखा. शहरातल्या एका छोट्या प्रदर्शनात हे छायाचित्र लागले, तेव्हा पाहणाऱ्यांनी त्याची मांडणी, प्रकाश, 'मूड' यांचे कौतुक केले. पुढे अंथुर्ण्याच्या एका वयस्क शेतकऱ्याने ते पाहिले. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. त्यांनी चष्मा पुसला, जवळ जाऊन पाहिले आणि विचारले, "हा ढग पडला का?"

"नाही आबा, वाऱ्यानं पुढं गेला."

"मग भिंतीवर कशाला लावलाय त्याला?"

हसण्यावारी नेण्याजोगे हे बोलणे नव्हते. गेली काही वर्षे सुट्टीत या परिसरात जाऊन मी हौसेने जमीन, आकाश आणि ऋतू टिपत आलो. आबांच्या प्रश्नाने त्या सगळ्या संग्रहाकडे पुन्हा पाहायला लावले. छायाचित्रातला ढग ही शोभा आहे की घटना? शोभा असेल तर तो कुठल्याही गावचा चालेल. घटना असेल तर त्याला गाव आणि तारीख लागते, आणि पुढे काय झाले हेही सांगावे लागते. निसर्गछायाचित्रणाविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते ते तंत्राविषयी किंवा प्रवासाविषयी असते; हा प्रश्न त्यात सहसा येत नाही. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाचा माग घेण्याचा प्रयत्न आहे.

*

'हौशी' हा शब्द आज आपण जरा खालच्या पट्टीत उच्चारतो. महाराष्ट्रातल्या छायाचित्रणाचा आरंभ मात्र हौशी मंडळींच्या हातून झाला. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. लंडनमधली तशी संस्था त्याआधी जेमतेम एक वर्ष निघाली होती. मुंबईच्या सोसायटीशी डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा संबंध होता. दोघेही पेशाने वैद्य. १८५६ पासून विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी मुंबईतून जो छायाचित्रांचा संग्रह मासिक स्वरूपात काढला, त्याच्या नावातच 'अमॅच्युअर' हा शब्द होता : 'द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम'.

त्या काळच्या निसर्गदृश्यांत एक गोष्ट चटकन जाणवते : आकाश रिकामे असते. ढग नव्हते म्हणून नव्हे. ओल्या कलोडियनच्या काचेला निळा प्रकाश फार लवकर लागे. जमीन, झाडे, देऊळ नीट उमटेपर्यंत आकाशाचा भाग इतका भाजून निघे की छापल्यावर तो कोरा पांढरा राही. म्हणजे भारतातल्या त्या पहिल्या पिढीच्या चित्रांतून पावसाळा जवळजवळ गळून गेला. यंत्राच्या मर्यादेमुळे एका देशाचा मुख्य ऋतू कागदावर आलाच नाही.

यावर फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास तोडगा काढला. समुद्राची एक काच, आकाशाची दुसरी. दोन्ही एका कागदावर छापायच्या. त्याची समुद्रचित्रे युरोपभर गाजली. गंमत अशी की त्याच्या काही चित्रांत निरनिराळ्या समुद्रांवर तोच ढग दिसतो. पाहणाऱ्याला त्याचे काही वाटले नसावे. ज्याचे पोट त्या ढगावर अवलंबून नाही, त्याला तो ढग कुठला हे विचारायचे कारण पडत नाही.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये 'फोटोशॉप'मध्ये आकाश बदलण्याची सोय आली; त्याच्या आदल्या वर्षी 'ल्युमिनार'मध्ये ती आली होती. एक कळ दाबली की फिक्या दुपारवर तांबूस संध्याकाळ चढते, जमिनीवरचा उजेडही तिला जुळवून घेतला जातो. ल ग्रेला अंधाऱ्या खोलीत तासन् तास जे करावे लागे ते आता कोणीही घटकाभरात करू शकतो. एक फरक मात्र आहे. ल ग्रेने आकाश बदलले ते यंत्राला आकाश दिसत नव्हते म्हणून. आज यंत्राला आकाश स्वच्छ दिसते. तरीही आपण ते बदलतो, कारण आपल्याला ते पसंत नसते.

*

आकाश पसंत नसणे म्हणजे काय, हे कळायला अंथुर्ण्याची जागा पाहावी लागते. इंदापूर तालुक्यातले हे गाव बारामती-इंदापूर पट्ट्यात, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. येथून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर असलेल्या महाबळेश्वराला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. इथे तो पाचशेच्या आसपास घुटमळतो. तोही जून-जुलैत भरवशाचा नाही. मृग कोरडा जाऊ शकतो, आर्द्राही. खरी आशा उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांवर, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसावर असते. शाळूची पेरणी त्याच ओलीवर होते.

इथे कडा नाही, धबधबा नाही, घाटाचे वळण नाही. जमीन सपाट, फार तर माळाचा हलका उंचवटा. त्यामुळे चौकटीत आकाश आपोआप मोठे येते. पहिल्या दोन वर्षांत मला याचा कंटाळा येई. मी चौकट भरण्यासाठी बाभूळ शोधी, विजेचा खांब टाळी, एखादा मेंढरांचा कळप आला तर धावत जाई. 'इथे काढण्यासारखे काही नाही' हे वाक्य मीही उच्चारले आहे. पुढे लक्षात आले की काढण्यासारखे म्हणजे काय हे मी इथे ठरवले नव्हते. ते भिंतीवरच्या कॅलेंडरांनी ठरवले होते.

छापील कॅलेंडरातला महाराष्ट्राचा पावसाळा म्हणजे धुक्यातला किल्ला, भाताची खाचरे, कोकणची लाल वाट. हिवाळा म्हणजे दवबिंदू, उन्हाळा म्हणजे पळस किंवा गुलमोहर. ही चित्रे खोटी नाहीत, पण ती राज्याच्या एका अरुंद पट्ट्यातली आहेत. त्यांच्या सततच्या सहवासाने एक समीकरण पक्के झाले : पावसाळा म्हणजे हिरवे. या हिशेबाने अंथुर्ण्याच्या माळाला पावसाळाच नसतो आणि त्याच गावच्या उसाला बारा महिने पावसाळा असतो.

हे दुसरे विधान नीट समजून घेतले पाहिजे. नीरा डाव्या कालव्याचे काम १८७६ च्या दुष्काळात सुरू झाले. उत्तरेच्या उंचवट्याच्या कडेने कालवा वाहतो आणि त्याच्या व नीरा नदीच्या मधली जमीन भिजवतो. म्हणून भरावावर उभे राहिले की दोन पंचांगे दिसतात. दक्षिणेला बागायत : ऊस, चाऱ्या, विहिरी, भवानीनगरच्या श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याचे आणि वालचंदनगरचे शिवार. उत्तरेला जिरायत आणि गवताळ माळ : शेळगाव, कडबनवाडीकडची जमीन. दक्षिणेचा ऋतू कालव्याच्या आवर्तनाने ठरतो, उत्तरेचा आकाशाने. मे महिन्याच्या एकाच दुपारी, एकाच जागेवरून, फक्त पाठ फिरवून मी दोन छायाचित्रे काढली आहेत. ती शेजारी ठेवली तर कोणालाही ती दोन वेगळ्या प्रदेशांची वाटतात.

*

एका छायाचित्रात ऋतू मावत नाही, हे या दोन छायाचित्रांनी शिकवले. मराठी साहित्याला ही गोष्ट आधीच ठाऊक होती. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ चे. त्यांनी सहा ऋतूंची सहा सुंदर चित्रे रंगवली नाहीत. चैत्रापासून एकेक महिना घेतला. महिना घेतल्यामुळे त्यांना सीमेवरचे, धड ना हा ऋतू धड ना तो, असे दिवस सापडले. कुठले झाड पाने टाकते, कुठले त्याच वेळी पालवते, हे तिथे क्रमाने येते. त्यामागे त्याच झाडांकडे वारंवार जाण्याची सवय आहे. त्याच्या आदल्या वर्षी, १९५५ मध्ये, व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आली. माणदेश इंदापूरच्या तसा शेजारचाच, तितकाच कोरडा. त्या कादंबरीत न पडलेला पाऊसच शेवटी गाव उठवतो. न झालेली घटना गद्यात सांगता येते. छायाचित्राने ती कशी सांगावी?

माझ्यापुरते उत्तर असे की एकट्या छायाचित्राने ती सांगता येत नाही. छायाचित्रांच्या रांगेने येते. त्याच जागेवरून, त्याच दिशेला, दर महिन्याला. जूनचा भरलेला ढग, जुलैचा भरलेला ढग, ऑगस्टचा भरलेला ढग, आणि तिन्ही चित्रांत खालची जमीन तशीच ढेकळांची. ही तीन चित्रे एकेकटी देखणी आहेत. एका ओळीत लावली की ती दुष्काळाची होतात. व्यावसायिक छायाचित्रकाराला हे परवडत नाही. त्याला ठरलेल्या दिवसांत जाऊन, उत्तम ते घेऊन परतायचे असते. पुन्हा पुन्हा त्याच कंटाळवाण्या जागी जाण्याची सवड हौशी माणसाकडेच असते, आणि नेमकी तीच तो वापरत नाही. तो सुट्टी काढून दुसऱ्यांनी काढलेल्या जागेवर दुसऱ्यांसारखे चित्र काढायला जातो.

*

देखणेपण आणि अर्थ यांची फारकत या परिसरात किती सहज होते, याची तीन उदाहरणे.

पहिले उसाच्या तुऱ्याचे. नोव्हेंबर-डिसेंबरात उसाला तुरे येतात. मावळता सूर्य त्यांच्या मागे धरला की सगळे शेत रुपेरी पेटते. या भागातल्या हौशी कॅमेऱ्यांचे हे आवडते दृश्य आहे, आणि माझ्याकडेही त्याची कित्येक छायाचित्रे आहेत. शेतकऱ्याला मात्र तुरा म्हणजे ऊस पक्व होऊन उभा आहे, तोड लांबली तर वजन आणि साखर घटणार, ही धास्ती. त्याच काळात बीड-नगरकडून आलेल्या टोळ्यांच्या कोप्या रस्त्याकडेला उभ्या राहतात. गळीत हंगाम हा इथला एक ऋतूच आहे. त्याला स्वतःचा वास आहे, स्वतःचा धूर आहे. संध्याकाळचा तांबडा रंग इतका गडद का, याच्या उत्तरात पुष्कळदा पाचट जाळल्याचा धूर असतो.

दुसरे पळसदेवचे. १९८० मध्ये उजनी धरण पुरे झाले आणि भीमेकाठची अनेक गावे पाण्याखाली गेली. जुन्या पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर त्यांतलेच. पाणी उतरते तेव्हा शिखर दिसते. फार उतरले तर अंगणात चालत जाता येते. २०२४ च्या उन्हाळ्यात तसे झाले आणि कॅमेऱ्यांची रीघ लागली. भेगाळलेला चिखल, कोरीव दगड, वर निरभ्र निळे आकाश. छायाचित्र म्हणून यात उणे काढण्यासारखे काही नाही. पण ज्या वर्षी हे चित्र उत्तम येते ते वर्ष खालच्या सोलापूर जिल्ह्यासाठी वाईट असते. मंदिराचे दर्शन आणि पाण्याची टंचाई ही एकाच घटनेची दोन नावे आहेत.

तिसरे भिगवण-कुंभारगावच्या रोहित पक्ष्यांचे. हिवाळ्यापुढे पाणी ओसरते, काठचा चिखल उघडा पडतो आणि पक्षी चरायला येतात. गुलाबी थव्याच्या चित्रात तळाशी बुडालेले शिवार दिसत नाही, दिसूही शकत नाही. छायाचित्राच्या खालच्या दोन ओळींत मात्र ते सांगता येते. निसर्गछायाचित्राची टीप म्हणजे केवळ कॅमेऱ्याचे आकडे, अशी जी रूढी पडली आहे तिच्यात ही हानी होते. छिद्र किती, वेग किती हे कळते. धरण कोणते हे कळत नाही.

*

या प्रदेशाचे सर्वांत जास्त छायाचित्रण होते ते आषाढीच्या आधी. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी असे करीत इंदापूरकडे जाते. बेलवाडीला गोल रिंगण होते. वारीच्या छायाचित्रणात दोन टोके दिसतात. उद्धव ठाकरे यांनी हौसेने केलेल्या हवाई छायाचित्रणाची दोन पुस्तके आहेत : किल्ल्यांचे 'महाराष्ट्र देशा' (२०१०) आणि वारीचे 'पाहावा विठ्ठल' (२०११). दुसरीकडे संदेश भंडारे यांचे 'वारी : एक आनंदयात्रा' जमिनीवरून, माणसांमधून चालते. उंचीने जे मिळते ते मोठे आहे : वारीचा आकार, तिची लांबी, शिवारातून गेलेली तिची रेघ, हे पायी चालणाऱ्याला कधीच दिसत नाही. पण वरून सरळ खाली पाहणाऱ्या छायाचित्रात आकाश उरत नाही. पाहणारा स्वतःच आकाशाच्या जागी जातो. आता ड्रोनमुळे ही नजर कोणालाही सुलभ झाली आहे आणि तिच्या मोहाने हौशी छायाचित्रण आणखी एका अर्थाने आकाशाला मुकते आहे. अंथुर्ण्याला आषाढात वारकरी आणि शेतकरी दोघेही वर पाहत असतात. त्या वर पाहण्याचे चित्र खालूनच निघते.

*

येथे एक रास्त आक्षेप येतो. कलेला पावसाची नोंदवही का करावी? आल्फ्रेड स्टिग्लिट्झने १९२२ पासून ढगांची छायाचित्रे काढली. पुढे त्यांना 'इक्विव्हॅलंट्स' हे नाव मिळाले. त्यांतल्या बहुतेकांत क्षितिजच नाही. चित्र कुठून धरायचे हेही कळू नये इतका ढग मोकळा केलेला. त्याचे म्हणणे असे की हे ढग त्याच्या मनःस्थितीचे समतुल्य आहेत. छायाचित्रकलेच्या इतिहासात ही चित्रे महत्त्वाची आहेत आणि 'हा ढग पडला का' हा प्रश्न त्यांना लावणे अन्यायाचे होईल.

मला त्या स्वातंत्र्याबद्दल तक्रार नाही. स्टिग्लिट्झने क्षितिज उघडपणे काढून टाकले. हा ढग अमुक गावचा आहे असा दावा त्याने केला नाही. आपल्या निसर्गछायाचित्रांत क्षितिज असते, गावाचे नाव असते, ऋतूचे नाव असते, आणि मग वरचे आकाश मनासारखे गडद केलेले किंवा दुसरीकडून आणलेले असते. दावा जागेचा आणि वागणूक मनःस्थितीची, हा घोटाळा आहे. स्टिग्लिट्झ आपल्या घराजवळच्या लेक जॉर्जच्या आकाशाकडे वर्षानुवर्षे परत जात राहिला, हेही विसरता कामा नये. ती चिकाटी त्याचे अनुकरण करणाऱ्यांत क्वचित आढळते.

नोंदीचा आग्रह धरण्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते कलेबाहेरचे आहे. ज्या जमिनीचे चित्र कोणी काढत नाही ती जमीन मोकळी, पडीक समजली जाते. आपल्या सरकारी नकाशांत गवताळ आणि झुडपी माळांची गणना दीर्घकाळ पडजमिनीत होत आली. कालव्याच्या उत्तरेचा माळ याच वर्गातला. पण तिथे चिंकारा आहे, लांडगा आहे, खोकड आहे, आणि मेंढपाळांची चराई आहे. बारामती तालुक्यातल्या सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे ते याच प्रकारच्या माळाचे. अलीकडे वनविभागाने कडबनवाडी आणि शिर्सुफळ येथे गवताळ माळावर सफारी सुरू केली, तेव्हापासून या जमिनीची छायाचित्रे वाढली. ती बहुतेक प्राण्यांची आहेत. प्राणी नसलेला, नुसते पिवळे गवत आणि वर फिकट आकाश असलेला माळ अजून 'रिकामा' म्हणूनच पुसला जातो. तो रिकामा नाही हे दाखवायला एक चित्र पुरत नाही. सप्टेंबरात गुडघाभर झालेले कुसळीचे गवत, डिसेंबरात त्याचे सोने, एप्रिलमधली उघडी मुरमाड जमीन, आणि पहिल्या वळवानंतर आठ दिवसांत तीवर उठलेली पोपटी लव : या चार चित्रांत तो माळ जिवंत दिसतो.

*

मे २०२५ मध्ये बारामती-इंदापूर भागात एरवी ऐकिवात नसलेला पाऊस झाला. त्याच महिन्याच्या २४ तारखेला मोसमी पाऊस केरळात पोचला आणि २६ तारखेला मुंबईत. मुंबईत इतक्या लवकर तो नोंदींच्या इतिहासात कधी आला नव्हता. माझ्या भरावावरच्या रांगेत त्या मे महिन्याचे एक चित्र आहे. उत्तरेच्या माळावर पाणी साचलेले, त्यात आकाश उलटे पडलेले. एकटे पाहिले तर ते सुखद पावसाळी दृश्य आहे, जुलैतले म्हणून कुठल्याही कॅलेंडरात खपेल. आधीच्या मे महिन्यांच्या धुळकट, पांढऱ्या दुपारी शेजारी असल्या तरच त्यातले विपरीत कळते. ऋतू बदलले असे आपण सारेच म्हणतो. पर्जन्यमापकाचे आकडे ते सिद्ध करतील; पण बदललेला ऋतू दिसतो कसा, हे पुढच्या पिढीला दाखवायचे तर अशा रांगा लागतील, आणि त्या गावोगावच्या हौशी माणसांवाचून कोणी तयार करणार नाही.

आबांच्या प्रश्नानंतर मी एक सवय लावून घेतली. प्रत्येक छापील छायाचित्राच्या पाठीवर पेन्सिलीने चार गोष्टी लिहितो : तारीख, वेळ, दिशा, आणि पाऊस पडला की नाही. भिंतीवरच्या त्या ढगामागेही आता लिहिले आहे : 'पश्चिम. पडला नाही.' पुढच्या खेपेला आबा आले तेव्हा मी चित्र उलटे करून त्यांना ते दाखवले. त्यांनी वाचले आणि चित्र पुन्हा सुलटे करून खिळ्याला अडकवले.

"आता राहू दे," म्हणाले.